टेबलावर फोन, कौलांवर माणसं

वादळ जाऊन पाच दिवस झाले होते. वीज नव्हती आणि इतक्यात येईल अशी लक्षणंही नव्हती. रस्त्याकडेचे खांब पोफळींबरोबरच आडवे झालेले. अशात वरच्या वाडीतल्या दुकानदाराने कुठूनसा जनरेटर आणला आणि दहा रुपयांत फोन चार्ज करून मिळेल, असा निरोप गावभर फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन द्यायला गेलो, तर त्याच्या पडवीतलं टेबल भरून गेलं होतं. मी मोजले. माझा धरून तेवीस फोन. एकाला एक खेटून, काही उताणे, काही पालथे, प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने मालकाची खूण. एका चिकटपट्टीवर नुसतं ‘आंब्याखालचे’ असं होतं. तो आंबा तीन तारखेलाच उन्मळून पडला होता.

फोनांचे मालक मात्र तिथे कुणी नव्हते. ते सगळे कौलांवर. ३ जून २०२०ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि खाली दापोली-मंडणगडच्या पट्ट्यातल्या आमच्यासारख्या गावांची छपरं घेऊन गेलं. पाऊस तोंडावर आलेला. त्यामुळे ज्या घराची पाळी असेल तिथे दहा-बारा जण जमायचे आणि शिडीवर साखळी धरायचे. खालचा मधल्याच्या हातात कौल देणार, मधला वरच्याच्या, वरचा रिपांवर बसून ती मांडत जाणार. ‘धर’, ‘सोड’, ‘अरे धर म्हटलं ना’ हे सगळं एकमेकांच्या तोंडावर, वीतभर अंतरावरून. मास्क होते, पण ते गळ्यात, घाम पुसायला. खिशात फोन एकाच्याही नाही. पडला तर फुटेल, आणि तसाही तो टेबलावर.

तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात एक वात्रट विचार आला. या तेवीस फोनांतल्या पाच-सहांत तरी कोरोनाचा माग काढणारं ॲप असणार. ब्लूटूथ चालू असेल तर ते फोन दोन-तीन तास एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेले. ॲपच्या हिशेबी याहून जवळचा संपर्क असूच शकत नाही. आणि शिडीवर जे एकमेकांचे श्वास घेत होते, त्यांची ॲपच्या दृष्टीने आज भेटच झालेली नव्हती.

मी हे दुकानदाराला सांगितलं. तो वायर गुंडाळत म्हणाला, “म्हणजे फोनांना झाला तर बरोब्बर कळेल म्हणा की.”

हसलो दोघंही. पण ते हसू माझ्या घशात थोडं अडकलं, कारण त्याच्या दहाच दिवस आधी मी शाळेच्या वर्गातून सुटलो होतो.

मे महिन्यात आम्ही डोंबिवलीहून निघालो होतो. ई-पास काढून, एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये अकरा माणसं. गावात चाकरमानी येणार म्हटल्यावर इतर वर्षी पोरं रस्त्यावर येऊन बसायची. त्या वर्षी बांबू आडवे बांधून ठेवले होते. आंबेतचा पूल ओलांडून म्हाप्रळला गाडी थांबली. ताप मोजला, नावं लिहून घेतली, आणि एकाने विचारलं, “ॲप हाय का? दाखवा.” मी दाखवलं. हिरवा रंग, तुम्ही सुरक्षित आहात. मला खरंच बरं वाटलं. आता ते आठवून स्वतःचं नवल वाटतं, पण रात्रभर गाडीत बसलेल्या माणसाला कुणीतरी सुरक्षित म्हटलं की बरं वाटतंच.

तेव्हा हे सरकारी ॲप, आरोग्य सेतू, येऊन जेमतेम दीड महिना झाला होता. २ एप्रिल २०२०ला ते आलं आणि १३ दिवसांत ५ कोटी लोकांनी घेतलं. नाव, फोन नंबर, वय, लिंग, व्यवसाय, गेल्या ३० दिवसांत परदेशी जाऊन आलात का, हे सगळं सुरुवातीलाच भरायचं. मग ब्लूटूथने आजूबाजूचे फोन टिपायचे आणि जीपीएसने जागा. १ मेच्या आदेशाने ते सरकारी-खाजगी सगळ्या कर्मचाऱ्यांना सक्तीचं झालं, आणि १७ मेच्या आदेशात सक्तीची धार जरा बोथट झाली. आम्ही या दोहोंच्या मधल्या फटीतून प्रवास केला.

गावात आल्यावर चौदा दिवस शाळेत. तिसरी-चौथीच्या वर्गात आम्ही चौघं, भिंतीवर बाराखडी आणि पाण्याचं चक्र. पाचव्या दिवशी शेजारच्या वर्गातल्या एका काकांना ताप भरला. आमच्याच गाडीतले. त्यांना नेलं, स्वॅब घेतला. तेव्हा स्वॅब मिरजेला जायचे आणि निकाल यायला दिवस लागायचे. निकाल आला तो पॉझिटिव्ह.

मी फोन उघडला. हिरवा.

यात ॲपचा बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता. काकांकडे बटणांचा साधा फोन होता. त्या फोनला ॲपच नाही, तर ॲपला काका कुठून असणार? इथला हिशेब फार निष्ठुर आहे. भेट नोंदायला दोन्ही फोनांत ॲप लागतं. समजा दहातल्या चौघांकडे ते आहे; आपल्याला वाटतं, म्हणजे चाळीस टक्के भेटी पकडल्या जातील. पण नाही. चाळीस टक्क्यांतले चाळीस टक्के, म्हणजे शंभरातल्या सोळा. उरलेल्या चौऱ्याऐंशी भेटींच्या वेळी पडदा तसाच हिरवा राहणार. ‘धोका नाही’ आणि ‘मला माहीत नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टींना तो एकच रंग होता, आणि हे पडद्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्याच दुपारी आमच्या वाडीतली आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, आली. नात्याने आमची वहिनीच. शाळेच्या पायरीखाली छत्री टेकून उभी राहिली, पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि म्हणाली, “भावजी, गाडीत कोण कुठे बसलेलं ते सांगा.” तिने पानावर एक चौकोन काढला, त्यात छोटे चौकोन, पुढे ड्रायव्हरचं एक गोल. एकेकाला विचारून नावं भरत गेली. खिडक्या उघड्या होत्या की एसी होता? जेवायला कुठे उतरलात? पाण्याची बाटली कुणाची कुणी तोंडाला लावली? झोपलं कोण कोणाच्या खांद्यावर? हे शेवटचं विचारताना ती जराशी हसली, पण उत्तर लिहून घेतलं.

मग तिने ती वही माझ्यासमोर धरली आणि मला दिसलं की मी काकांच्या शेजारच्या चौकोनात आहे.

“मी तिथे नव्हतो, वहिनी.”

“डायवर तसं बोलला.”

“पेणपर्यंत होतो. मग त्या पोराला मळमळायला लागलं म्हणून मी पुढे आलो, तो मागे गेला.”

तिने तिथल्या तिथे ड्रायव्हरला फोन लावला, स्पीकरवर. त्याने आठवून आठवून सांगितलं, हो, बदलली होती खरी सीट. वहिनीने माझं नाव खोडलं, दोन रांगा पुढे लिहिलं, त्या पोराचं नाव मागे घेतलं. ते पोर बारा वर्षांचं. त्याची आई शेजारी उभी होती. पेणपर्यंत म्हणजे किती वेळ, खिडकी कोणत्या बाजूची, असं वहिनीने आणखी बरंच विचारलं आणि मग आम्हा दोघांच्याही नावापुढे तपासणीसाठी खूण केली. स्वॅब दोघांचे गेले. दोघांचे निगेटिव्ह आले.

पुढे पावसाळ्यात, नेट जरा धड चालायला लागल्यावर, मी या विषयावर जे मिळेल ते वाचत बसलो. काकांकडे स्मार्टफोन असता तर काय झालं असतं, हा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. त्याचं उत्तर मला जवळजवळ जसंच्या तसं डब्लिनमध्ये सापडलं. तिथल्या ट्रिनिटी कॉलेजच्या डग्लस लीथ आणि स्टीफन फॅरेल या संशोधकांनी २०२०मध्ये हाच उद्योग करून पाहिला: एका ट्राममध्ये माणसं फोन देऊन बसवली आणि ब्लूटूथ काय नोंदवतं ते तपासलं. मग त्या नोंदींना स्वित्झर्लंड, जर्मनी आणि इटली यांच्या ॲपचे नियम लावले. स्विस आणि जर्मन नियमांनी एकही इशारा दिला नाही. इटलीच्या नियमाने दिले, पण जवळ बसलेल्यांपैकी निम्म्यांना आणि लांब बसलेल्यांपैकीही निम्म्यांनाच. म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी चाललं असतं.

कारण साधं आहे. ब्लूटूथला अंतर कळत नाही. त्याला कळतो तो समोरच्या फोनच्या हाकेचा जोर, आणि हाक बारीक आली म्हणजे माणूस लांब असेल, असा तो तर्क करतो. पण पत्र्याच्या डब्यात हाक भिंतींवर आपटून घुमते, लांबची जवळ वाटते. आणि मधे माणूस आला तर जवळची लांब वाटते, कारण आपलं शरीर बरंचसं पाणीच, आणि पाणी त्या लहरी गिळतं. आता टेम्पो ट्रॅव्हलर म्हणजे काय? पत्र्याच्या डब्यात ठासून भरलेली माणसं.

मला यावरही भरवसा ठेववेना, म्हणून पुतण्याला हाताशी धरून घरीच खेळ केला. तो इंजिनीअरिंगला. ब्लूटूथचा जोर आकड्यात दाखवणारं एक फुकटचं ॲप घेतलं; आकडा उणे असतो, जितका शून्याकडे तितकी हाक मोठी. ओटीवर दोन फोन समोरासमोर, हातभर अंतरावर: उणे पन्नासच्या आसपास. मग मी माझा फोन पँटच्या मागच्या खिशात घातला आणि त्याच्यासमोर तोंड करून तेवढ्याच अंतरावर बसलो: उणे पंच्याहत्तर. मग तो फोन हातात धरून खळ्याच्या पार टोकाला, तुळशीपलीकडे जाऊन उभा राहिलो: आकडा सत्तरच्या आत. म्हणजे समोर बसून गप्पा मारणारा मी, खळ्यापलीकडे उभ्या असलेल्या माझ्यापेक्षा लांब. पुतण्याने फोन तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं तेव्हा तर मी गावातूनच नाहीसा झालो. माजघराच्या जांभ्याच्या भिंतीपलीकडून हाक अगदी मेल्यासारखी यायची, पण मागीलदारच्या कुडापलीकडून मात्र खणखणीत. कुडाच्या घरातल्या माणसाला शेजाऱ्याचा संसर्ग भिंतीतून झाला, असंही एखादं ॲप म्हणू शकेल. आई हे सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, “झालं असेल तर तो डबा द्या. भात टाकायचाय.”

डब्लिनच्या त्या प्रयोगातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ट्राम नाही. त्यांना तो प्रयोग करता आला, ही आहे. त्या देशांच्या ॲपनी किती मिनिटं, किती जोर, कोणता भागाकार, हे उघड करून ठेवलं होतं, म्हणून दुसऱ्या देशातल्या दोन संशोधकांना ते आपल्या नोंदींना लावून ‘हे चालत नाही’ असं म्हणता आलं. नियम झाकलेला असता तर ॲप तितकंच चुकलं असतं आणि कुणाला पत्ता लागला नसता. लोक अचूकपणा आणि पारदर्शकपणा या दोन वेगळ्या तक्रारी असल्यासारखं बोलतात. मला त्या एकाच पाटाच्या दोन कडा वाटतात. एक कड फुटली की दुसरीकडचंही पाणी जातं.

हे मला माझ्या चुलतभावामुळे कळलं. तो लोट्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आहे. कारखाना कोणता ते राहू दे. टाळेबंदी उठल्यावर त्यांच्या व्यवस्थापनाने कामगारांच्या फोनांत स्वतःचं एक ॲप टाकलं होतं, गेटवर ते दाखवून आत जायचं. एका सकाळी त्याचा पडदा नारिंगी झाला. चौदा दिवस घरी बस. पगार नाही. तो विचारायला गेला: कुणामुळे? नाव सांगता येत नाही. ठीक, नको नाव. कधी? सांगता येत नाही. कुठे? किती वेळ? “सिस्टिम दाखवते आहे,” एवढंच उत्तर. सिस्टिम कोण, ती कुठे बसते, तिची भेटायची वेळ काय, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर नोकरीच गेली असती.

घरी आल्यावर त्याला खोकला नाही, ताप नाही, पण शेजारच्या विहिरीवर त्याच्या बायकोला थांबवलं. रंग गेटवरून गावात यायला अर्धा दिवस पुरला. तो माझ्याकडे आला तेव्हा चिडलेला कमी आणि गोंधळलेला जास्त होता. मी त्याला आपली ती टेबलाची गोष्ट सांगितली, तेवीस फोनांची. सांगता सांगता त्याचा चेहरा बदलला.

“अरे, आमच्याकडे फोन आत नेऊ देत नाहीत.”

रासायनिक कारखाना. ठिणगीची भीती. फोन गेटवर जमा, लोखंडी रॅकमध्ये, नंबर घातलेल्या खणांत. आठ तास. आपल्या खणाशेजारचा खण कुणाचा, हे त्याला माहीत होतं. दुसऱ्या विभागातला माणूस, ज्याच्याशी त्याचं महिनोन्‌महिने बोलणंसुद्धा नव्हतं, आणि जो आठवड्यापूर्वी आजारी पडला होता.

असं झालंच असेल, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तोही नाही. दिवस आणि वेळ एवढं जरी कुणी सांगितलं असतं, तरी पाच मिनिटांत निकाल लागला असता: त्या वेळी मी यंत्रापाशी होतो, फोन रॅकमध्ये होता. पण जाब कुणाला विचारायचा, तेच ठरलेलं नव्हतं. चौदा दिवसांनी रंग आपोआप हिरवा झाला. आला तसाच गेला, न सांगता.

सरकारी ॲपच्या बाबतीतही उघडेपणा हप्त्याहप्त्याने आला. २६ मे २०२०ला आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड सगळ्यांसाठी खुला केला, चुका दाखवणाऱ्याला बक्षीसही ठेवलं. हे चांगलंच झालं, आणि आधी व्हायला हवं होतं. पण त्या दिवशी खुला झाला तो फोनमधला भाग. सर्व्हरवर जे चालतं ते त्यात नव्हतं. विहिरीचा रहाट दाखवला, पाणी दाखवलं नाही. मग ऑक्टोबरात तर कमालच झाली. हे ॲप कुणी आणि कसं बनवलं, असा माहितीच्या अधिकारात प्रश्न गेला होता आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने आपल्याकडे ती माहिती नसल्याचं कळवलं. ॲपच्या संकेतस्थळावर बनवणारे म्हणून नाव त्यांचंच. केंद्रीय माहिती आयोगाने कारणे दाखवा नोटीस काढली, तेव्हा सरकारने खुलासा केला की सरकारी खात्यांनी उद्योग आणि शिक्षणसंस्थांतल्या लोकांना घेऊन ते सुमारे २१ दिवसांत उभं केलं. एवढ्या घाईत एवढं काम उभं राहिलं, ही खरं तर मिरवायची गोष्ट. ती लपवल्यासारखी का झाली, हे मला आजही उमगत नाही.

सिंगापूरची कथा अधिक कडू. त्यांचं ट्रेसटुगेदर २० मार्च २०२०ला, म्हणजे आपल्याही आधी आलं. माहिती फक्त माग काढण्यासाठी वापरू, असं लोकांना सांगितलं होतं. जानेवारी २०२१मध्ये कळलं की पोलिसांना गुन्ह्याच्या तपासासाठी ती मिळू शकते. ओरड झाली, मग कायदा करून ती गंभीर गुन्ह्यांच्या सात प्रकारांपुरती आवळली. ब्लूटूथ तिथे बरोबर चाललं असेल-नसेल. शब्द मात्र चुकीचा निघाला.

आता कुणी म्हणेल, याला गावचं सगळं गोड वाटतंय. अजिबात नाही. आमचं ग्राम कृती दल, म्हणजे कोरोनासाठी गावात नेमलेली समिती, काही न्यायाधीशांचं मंडळ नव्हतं. जुनी भांडणं त्या बांबूंवर येऊन बसली होती. एका घराच्या पाहुण्यांना दोन दिवसांत शाळेतून सोडलं आणि दुसऱ्या घरच्या म्हातारीला वीस दिवस ठेवलं, हे मी पाहिलंय. काकांना ताप आला ही बातमी त्यांच्या घरी पोचायच्या आधी हर्णैच्या बंदरात पोचली होती. वहिनीच्या वहीत कुणाला काय आजार, कोण कुणाच्या खांद्यावर झोपलं, सगळं नावानिशी. ती वही ती कुठेही विसरू शकली असती. ॲपच्या बाजूने एवढं नक्की म्हणेन की त्याला गावात कुणाशी उभा दावा नव्हता. पण ग्राम कृती दलाशी भांडता येत होतं, आणि लोक भांडलेही. त्या म्हातारीच्या मुलाने शाळेच्या पटांगणात असा काही शिमगा केला की एकविसाव्या दिवशी तिला सन्मानाने घरी पोचवलं.

२०२३च्या फेब्रुवारीत सरकारने लोकसभेत सांगितलं, आरोग्य सेतूमधली संपर्क शोधायची सोय बंद केली आहे आणि तिच्यातून गोळा झालेली माहिती पुसून टाकली आहे. मी ते वाचलं आणि मनात आलं, त्यात माझ्या काय नोंदी होत्या कोण जाणे. कदाचित त्या टेबलावरचे चार-पाच फोन माझे जिवलग म्हणून लिहिलेले असतील. मला ते बघायला आवडलं असतं.

यंदा गणपतीला गेलो तेव्हा वहिनीला सहज विचारलं, ती वही आहे का गं अजून? तिने पलंगाखालची पेटी ओढली, साड्यांखाली हात घातला आणि काढलीच. कडा कसरीने खाल्लेल्या. तिने मधली पानं वाया घालवलेली नव्हती. मागच्या कोऱ्या बाजूंवर बचत गटाचा हिशेब होता. वाटाणे दोन किलो, पापडाचं पीठ, कुणाचे पन्नास बाकी. पान उलटलं आणि गाडी दिसली. वाकडा चौकोन, ड्रायव्हरचं गोल. माझं नाव दोनदा, एकदा खोडलेलं. खोडलेल्या नावाशेजारी बारीक अक्षरात ‘पेणपर्यंत’.

काकांचं नाव ठळक गिरवलेलं होतं. ते त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत होते.

मी फोटो काढायला फोन उचलला, तर तिने पानावर हात ठेवला. “त्यात बाकीच्यांची पण नावं हायत, भावजी,” म्हणाली, आणि वही मिटून पुन्हा साड्यांच्या खाली सारली.